डीएनएचा पुरावा बिघडतो कुठे? घटनास्थळापासून कोर्टापर्यंत या चुका टाळा

"डीएनए रिपोर्ट आलाय, आता केस पक्की." ठाण्याच्या सत्र न्यायालयाच्या आवारात हे वाक्य फिर्यादीच्या नातेवाइकांकडून ऐकू येतं, तसंच पोलिसांकडूनही. फौजदारी खटल्यांचे कागद वाचणं हे माझं रोजचं काम. त्या कागदांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रयोगशाळेतलं यंत्र क्वचित चुकतं. पुरावा बिघडतो तो यंत्रापर्यंत पोचण्याआधी, म्हणजे सोसायटीच्या जिन्यात, हॉस्पिटलच्या तपासणी खोलीत, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात. नाहीतर त्यानंतर, रिपोर्ट वाचताना.

तंत्र पुढे गेलं तसा हा धोका वाढला आहे. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं, तेव्हा त्यासाठी चांगला ठसठशीत डाग लागायचा. आज एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग डीएनए पुरतो. बऱ्याचदा त्याहून कमीही. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे दीडशेच्या आसपास पेशी मिळाल्या तरी काम होतं. पुढे पीसीआर यंत्र प्रत्येक फेरीत त्या तुकड्यांची संख्या दुप्पट करतं. २८ फेऱ्या झाल्या की हिशोबाने एका तुकड्याच्या २६ कोटींहून जास्त प्रती तयार होतात. यंत्र समोर येईल ते वाढवतं. त्यात आरोपीची पेशी असेल, तशी घटनास्थळी शिंकलेल्या हवालदाराचीही असेल. ही कोणाची आणि ती कोणाची, हे यंत्राला कळत नाही. खाली दिलेली प्रत्येक चूक या एकाच गोष्टीतून महाग पडते.

पोलीस येण्याआधी जिना धुणं

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये किंवा खारघरच्या एखाद्या सोसायटीत रात्री मारामारी झाली, जिन्यात रक्त सांडलं, तर पहाटे पहिलं काम काय होतं? सेक्रेटरी वॉचमनला सांगतात, "काका, मुलं शाळेला निघायच्या आत एवढं पुसून घ्या." हेतू चांगलाच असतो. पण साध्या पाण्याने आणि फिनेलने बराचसा डाग निघून जातो, उरतो तो टाइल्सच्या फटीत. आणि घरोघरी वापरतात ते ब्लीचिंगचं द्रावण मारलं, तर त्या फटीतला डीएनएही तुटून जातो. ब्लीच डीएनए नष्ट करतं म्हणून तर प्रयोगशाळेतले टेबल त्यानेच पुसतात.

त्याऐवजी ११२ ला फोन करा. वरच्या आणि खालच्या मजल्यावर एकेक खुर्ची आडवी लावून तो जिना बंद करा, लोकांना दुसऱ्या जिन्याने किंवा लिफ्टने पाठवा. कोणी पान थुंकू नये, सिगारेट ओढू नये, पडलेली वस्तू "बाजूला" ठेवू नये. जखमी माणसाला मात्र लगेच उचला. पुराव्यासाठी कोणाचा जीव थांबवू नका. फक्त कोणी उचललं, कोणाचे हात कुठे लागले, हे एका कागदावर लिहून ठेवा आणि तपास अधिकाऱ्याला द्या. त्या कागदाचं महत्त्व पुढे कळेल.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करावा आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद आहे. ती पूर्णपणे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. तज्ज्ञ यायला वेळ लागतोय म्हणून डाग स्वतःच खरवडून ठेवावा, असा उत्साहही नको.

ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घालणं

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे. आपल्या किनारपट्टीवर इतका पुरावा दुसऱ्या कशाने वाया जात नसेल, असं माझं मत आहे.

नवी मुंबईच्या हद्दीतल्या एका प्रकरणात कोर्टापुढे मुद्देमाल उघडला, तेव्हा मी हजर होतो. खाकी पाकिटाच्या आत पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेला कुर्ता. जुलैत जप्त झालेला. पिशवीच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब सुकल्याचे गोल डाग होते. कुर्त्याच्या घड्यांमध्ये राखाडी-काळ्या बुरशीचे ठिपके पडले होते आणि जिथे रक्ताचा डाग असल्याचं पंचनाम्यात लिहिलं होतं, तिथे कापड बोटाने दाबलं तर फाटेल इतकं विरलं होतं. पंचनामा नीट होता, सह्या होत्या, लाखेचं सील शाबूत होतं. डीएनए मात्र मिळाला नव्हता. नंतर मुद्देमाल कारकुनाशी बोललो, तर ते म्हणाले, "वकीलसाहेब, पावसात सुकवायचं कुठे? कपाटं भरलीत, खिडकीतून पाणी येतं." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

ओलाव्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि त्यांची विकरं डीएनएच्या लांब साखळीचे बारीक तुकडे करतात. तपासणीत आपण ज्या जागा वाचतो (त्यांना एसटीआर म्हणतात; तिथे डीएनएचा एक छोटा तुकडा लागोपाठ अनेकदा येतो आणि किती वेळा, तो आकडा माणसागणिक बदलतो), त्या साधारण १०० ते ४५० अक्षरांच्या तुकड्यांवर असतात. साखळी तुटली की लांब तुकड्यांवरच्या जागा आधी गळतात, आखूड तुकड्यांवरच्या मागे राहतात. रिपोर्टच्या आलेखात डावीकडे उंच शिखरं आणि उजवीकडे जाताना ती बसत गेलेली दिसली, की नमुना सडला होता असं समजावं. अशा नमुन्यांसाठी आखूड तुकड्यांवर काम करणारे मिनी-एसटीआर संच आता आहेत आणि त्यांनी बरेच नमुने वाचवलेही आहेत. पण तुकडेच उरले नाहीत तर संच काय करणार?

म्हणून ओला कपडा आधी सावलीत, स्वच्छ कागदावर पसरून, हवेशीर खोलीत वाळवायचा. उन्हात नाही, हेअर ड्रायरने नाही, इस्त्रीने तर नाहीच. वाळल्यावर घड्यांमध्ये कोरा कागद घालून कागदी पाकिटात ठेवायचा. प्रत्येक वस्तूला वेगळं पाकीट. मृताचे आणि संशयिताचे कपडे एकाच टेबलावर पाठोपाठ पसरले, तर इकडचं तिकडे गेलं असा आक्षेप बचाव पक्ष घेणारच, आणि तो योग्यच असेल. त्या दोन कामांसाठी खोलीही वेगळी असावी, माणूसही वेगळा.

फरशीवरचा किंवा दरवाजाच्या मुठीवरचा डाग असेल, तर एक निर्जंतुक स्वॅब डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करून फिरवतात आणि त्याच जागी लगेच दुसरा कोरडा स्वॅब. दोन्ही वाळवूनच बंद करायचे. घाईत ओला स्वॅब नळीत टाकून बूच लावलं, की कुर्त्याचं झालं तेच स्वॅबचं होतं.

जीन्सवरचा डाग आणि मातीतला डाग यांची गोष्ट थोडी निराळी. जीन्सचा निळा रंग आणि येऊरसारख्या जंगलातल्या काळ्या मातीतलं ह्युमिक ॲसिड पीसीआरची प्रक्रिया अडवतात. डीएनए असतो, पण वाढत नाही, आणि रिपोर्टवर "प्रोफाइल मिळाली नाही" असं येतं (प्रोफाइल म्हणजे सगळ्या जागांवरच्या आकड्यांचा संच). अशा वेळी नमुना आणखी शुद्ध करून पुन्हा तपासता येतो. तपास अधिकाऱ्याने प्रयोगशाळेला पाठवायच्या पत्रातच "डाग मातीत होता", "कापड डेनिमचं आहे" असं लिहिलं, तर तिथला विश्लेषक सुरुवातीपासून तशी काळजी घेतो. बहुतेक पत्रांत "एक जीन्स पॅन्ट, रक्तासारखे डाग असलेली" एवढंच असतं.

फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला नमुना

शवविच्छेदनात सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या तपासणीसाठी अवयवाचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, ते बरोबर आहे. त्याच सवयीने डीएनएसाठीचा तुकडाही फॉर्मेलिनच्या बरणीत गेला, तर काम कठीण होऊन बसतं, कारण फॉर्मेलिन डीएनएला जखडून टाकतं आणि तोडतं. डीएनएसाठी रक्त ईडीटीए असलेल्या, जांभळ्या झाकणाच्या बाटलीत घ्यायचं. ठाण्याच्या खाडीत किंवा रुळांच्या कडेला सापडलेला मृतदेह कुजलेला असेल, तर दाढ आणि मांडीचं हाड हे सर्वात भरवशाचे. दाताच्या कवचात आणि घट्ट हाडात डीएनए बराच काळ टिकतो.

अशा बेवारस मृतदेहाची ओळख पटवायला नातेवाईक येतात, तेव्हा शक्यतो आई, वडील किंवा मुलं यांचं रक्त द्यावं. एकटा भाऊ आला तर उत्तर कच्चं राहू शकतं, कारण सख्ख्या भावंडांत कोणता वारसा समान येईल हे नक्की नसतं. आईवडील आणि मुलांच्या बाबतीत प्रत्येक जागी निदान एक आकडा जुळायलाच हवा (एखादा अपवाद उत्परिवर्तनाचा).

अंघोळ झाली, आता काय उपयोग, असं समजणं

लैंगिक अत्याचारानंतर अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, हे खरंच. पण ज्या बाईने किंवा मुलीने अंघोळ केली आहे तिला "आता काही सापडणार नाही" असं सांगून घरी बसवणं ही त्याहून मोठी चूक आहे, आणि ती घरचेच करतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घ्यायला हवेत. त्यानंतरही अंगावरच्या जखमा, अंगावर असलेले कपडे, पलंगावरची चादर हे सगळं बोलू शकतं. धुतलेल्या कपड्याच्या शिवणीतही कधी कधी डाग टिकलेला असतो. कपडे बदलले असतील, तर ते न धुता कागदी पिशवीत घालून सोबत न्यावेत.

आधी पोलीस ठाणं की आधी हॉस्पिटल, या वादात तास जातात. थेट हॉस्पिटलला जाता येतं. सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि लगेच देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. सोबत जाणाऱ्या ताईंनी, मावशींनी एवढंच बघावं की तपासणी संमतीने होते आहे, नखांखालचे आणि तोंडातले नमुने विसरले गेले नाहीत, आणि डॉक्टरांनी प्रत्येक नमुन्यावर वेळ लिहिली आहे. कलम १८४ प्रमाणे डॉक्टरांनी आपला अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. "दोन बोटांची चाचणी" सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे नाकारली आहे. कोणी ती करायला निघालं, तर तिथेच नकार द्या.

इथे नव्या तंत्राने फार मोलाची मदत केली आहे. स्वॅबवर स्त्रीच्या पेशी हजारोंनी आणि पुरुषाच्या मोजक्या असतील, तर नेहमीच्या तपासणीत पुरुषाचा डीएनए झाकला जातो. वाय-एसटीआर तपासणी फक्त पुरुषांत असलेल्या वाय गुणसूत्रावरच चालते, त्यामुळे स्त्रीच्या पेशींचा अडथळा राहत नाही. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. घणसोली किंवा कोपरखैरणेच्या गावठाणात एकाच आडनावाची चार घरं शेजारी असतात. तिथे काका, पुतण्या, चुलतभाऊ या सगळ्यांची वाय प्रोफाइल एकच निघू शकते. "वाय-एसटीआर जुळला" याचा अर्थ "हा माणूस किंवा त्याच्या बापाकडच्या वंशातला कोणीही" एवढाच. तेवढ्यावरून एका मुलाला आरोपी ठरवून गावभर करणं हा अन्याय आहे.

"माझा हात कशाला लागतोय?"

जर्मनीत १९९३ पासूनच्या सुमारे ४० गुन्ह्यांत एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत गेला. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला, तिथेही तोच. चोऱ्या, घरफोड्या, खून, तेही वेगवेगळ्या राज्यांत आणि शेजारच्या देशांतही. तिला पकडण्यासाठी मोठं बक्षीस लावलं. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात पॅक होत, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. जंतू मेले होते, डीएनए शिल्लक होता. या प्रकरणानंतर अशा साहित्यासाठी वेगळ्या मानकाची गरज जाणवली आणि २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ आलं. मेडिकलच्या दुकानातून आणलेली साधी काडी डीएनएसाठी वापरू नये, ते यासाठी. खरेदी करणाऱ्या कार्यालयाने पाकिटावर तो मानक क्रमांक आहे का, हे बघावं.

दुसरं प्रकरण कॅलिफोर्नियातलं, २०१२ चं. खून झालेल्या माणसाच्या नखांवर एका बेघर माणसाचा डीएनए सापडला. त्याला अटक झाली, तो काही महिने तुरुंगात राहिला. नंतर त्याच्या वकिलाच्या लक्षात आलं की खुनाच्या रात्री तो दारूच्या नशेत बेशुद्ध होऊन हॉस्पिटलात दाखल होता. ज्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी त्याला उचललं होतं, तेच काही तासांनी खुनाच्या ठिकाणी गेले होते. बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरवरून तो डीएनए गेला असावा, असं मानलं जातं. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं, कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

आपल्याकडे घटनास्थळी किती जण शिरतात ते आठवा. बीट मार्शल, वरिष्ठ अधिकारी, ठसेतज्ज्ञ, फोटोग्राफर, श्वानपथक, दोन पंच, सोसायटीचे पदाधिकारी, स्थानिक नगरसेवक, आणि दारातून मोबाइल आत धरणारे चार जण. प्रत्येक वस्तूला नवा हातमोजा, तोंडावर मास्क, केसांवर टोपी, हे फक्त नमुने घेणाऱ्याने पाळून भागत नाही. आत जाणाऱ्या प्रत्येकाने पाळायला हवं. हातमोजा घालून स्वतःचा मोबाइल उचलला, की तो हातमोजा बदलायचा. पंचांनी "बघू" म्हणून सुऱ्याला हात लावायचा नाही. पंचाचं काम पाहण्याचं आणि पाहिलेलं लक्षात ठेवण्याचं आहे. कोर्टात तुम्हाला विचारतील की पाकीट तुमच्या समोर सील झालं का, आतली वस्तू कोणी धरली होती. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही केलेली असेल, तर उत्तर देता येत नाही.

आणि ती यादी, जिन्यातल्या माणसांची. डागात एखादी अनोळखी प्रोफाइल आली, तर ती मदतीला धावलेल्या शेजाऱ्याची आहे की पळून गेलेल्या माणसाची, हे त्या शेजाऱ्याचा नमुना घेतल्याशिवाय कळणार नाही. वगळण्यासाठी असे नमुने देताना लोक घाबरतात, आणि ती भीती मला रास्त वाटते. डीएनए वापराचं नियमन करणारं विधेयक २०१९ मध्ये संसदेत आलं आणि २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. दुसरीकडे २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात आरोपींच्या नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. म्हणून साक्षीदार म्हणून नमुना देत असाल, तर तो फक्त वगळण्यासाठी, स्वेच्छेने देत आहात असं लेखी नमूद करून घ्या आणि प्रत मागा. पण द्या.

मुद्देमाल कक्षात पडून राहिलेले दिवस

दिल्लीतल्या छावला प्रकरणात (२०१२ मधला एका तरुणीवरचा बलात्कार आणि तिचा खून) सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना निर्दोष सोडलं. देशभर संताप झाला, तो समजण्यासारखा होता. पण निकालपत्र वाचलं तर दिसतं की फेब्रुवारी २०१२ च्या १४ आणि १६ तारखेला घेतलेले नमुने २७ तारखेला प्रयोगशाळेत गेले, आणि मधल्या काळात ते पोलिसांच्या मालखान्यात होते. फेरफाराची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शिवाय डीएनए अहवालातले निष्कर्ष कशावर आधारले आहेत, तंत्र नीट वापरलं का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नव्हतं, यावरही बोट ठेवलं.

१५ जुलै २०२५ ला तामिळनाडूच्या कट्टवेल्लई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी नियमच घालून दिले. नमुन्याच्या पाकिटावर गुन्हा क्रमांक, कलम, तपास अधिकारी आणि पोलीस ठाण्याचं नाव; नोंदीवर डॉक्टर, तपास अधिकारी आणि स्वतंत्र साक्षीदारांच्या सह्या. नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. उशीर झाला तर कारण डायरीत लिहायचं. खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही. आणि नमुना कोणाच्या हातातून कोणाकडे गेला याचं रजिस्टर, शिक्षा किंवा सुटका होईपर्यंत जपायचं.

ठाण्याहून सांताक्रूझच्या कलिन्याला, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, नमुना घेऊन जाणं हे एका शिपायाचं अर्ध्या दिवसाचं काम. मग उशीर कशाने होतो? बंदोबस्त लागतो, सही करणारे साहेब रजेवर असतात, पत्रावर नमुना सील उमटवायचं राहतं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवरून पाकीट परत येतं. हे शेवटचं कारण तर सहज टाळता येण्यासारखं आहे: निघण्याआधी पाकिटावरचं सील आणि पत्रावरचा नमुना ठसा शेजारी धरून बघायचे, अनुक्रमांक आणि वर्णन पंचनाम्याशी ताडून बघायचे. "निळा शर्ट" पंचनाम्यात आणि "आकाशी शर्ट" पत्रात असेल, तर उलटतपासणीत त्यावर एक तास जातो.

सीए रिपोर्टचं फक्त शेवटचं वाक्य वाचणं

आता वकिलांच्या आणि पत्रकारांच्या चुका. सीए रिपोर्ट म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल ॲनलायझर) अहवाल. रिपोर्टच्या तळाशी "जुळतो" लिहिलेलं असतं आणि बाकी कोणी वाचत नाही. रिपोर्टच्या मागचा आलेख, म्हणजे इलेक्ट्रोफेरोग्राम, मागून घ्या. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पण न्यायालय त्याला बोलावू शकतं, आणि डीएनएच्या बाबतीत तो अर्ज करायलाच हवा.

आलेखात काय बघायचं? प्रत्येक जागी माणसाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन आकडे मिळतात. समजा टीएच०१ या जागी संशयिताचे आकडे ६ आणि ९.३ आहेत: चार अक्षरांचा एक तुकडा एका गुणसूत्रावर सहा वेळा आलाय, दुसऱ्यावर नऊ वेळा आणि वर तीन अक्षरं. डागातून त्याच जागी फक्त ६ उमटला. आता याचे दोन अर्थ होतात. डाग ज्याचा आहे त्याला दोन्हीकडून ६ च मिळाला असेल, म्हणजे तो हा संशयित नाही. किंवा डीएनए इतका थोडा होता की ९.३ चं शिखर वर आलंच नाही. शिखराची उंची आणि प्रयोगशाळेने ठरवलेली किमान मर्यादा बघितल्याशिवाय यातलं एक निवडता येत नाही. तसंच खऱ्या शिखराच्या एक पायरी आधी पीसीआरमुळे एक छोटं शिखर उगवतं, त्याला स्टटर म्हणतात. कच्चा वाचक त्याला दुसरा माणूस समजतो. किती जागा पूर्ण वाचल्या गेल्या, हेही विचारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय साठ्यात १३ जागा लागायच्या, जानेवारी २०१७ पासून २० लागतात. वीसपैकी सात जागा वाचल्या गेल्या असतील, तर त्या "जुळतो"चं वजन वेगळं.

मिश्र नमुने हा याहून कठीण प्रकार. गर्दीच्या लोकलमधली कडी, दुकानाचं शटर, टोळीतल्या चौघांनी हाताळलेला चॉपर यांवर तीन-चार जणांचा डीएनए असतो. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने २०१३ मध्ये १०८ प्रयोगशाळांना तेच मिश्र नमुने वाचायला दिले. त्यातल्या सर्वात गुंतागुंतीच्या नमुन्यात ज्याचा डीएनए मुळात नव्हताच, अशा माणसाला बहुतेक प्रयोगशाळांनी आत धरलं. त्यानंतर एसटीआरमिक्स, ट्रूॲलील यांसारख्या संगणक प्रणालींचा वापर वाढला. त्या सगळ्या शक्यता तोलून एक गुणोत्तर देतात: संशयित नमुन्यात आहे असं धरलं तर हा आलेख, तो नाही असं धरण्यापेक्षा किती पट संभवतो. ही खरी प्रगती आहे. मात्र नमुन्यात किती माणसं आहेत हे बहुधा विश्लेषकच आधी ठरवून सांगतो, आणि तो अंदाज चुकला तर पुढचं गणितही चुकतं. किती जण धरले आणि का, हा प्रश्न उलटतपासणीत पहिला असावा.

आकड्याच्या बाबतीत एक चूक सरकारी आणि बचाव, दोन्ही बाजू करतात. समजा अर्धवट प्रोफाइल आहे आणि ती १० लाखांत एकाशी जुळते. लगेच वाक्य येतं: "म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता १० लाखांत एक." तसं नाही. २०११ च्या जनगणनेत, पालघर वेगळा होण्याआधी, ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर होती. त्या हिशोबाने एकट्या जिल्ह्यात अशी ११ माणसं असू शकतात. बाकी पुरावा, म्हणजे सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन, साक्षीदार, आरोपीकडे बोट दाखवत असेल तर हा डीएनए फार जड आहे. नुसता असेल तर तो अकरा जणांतला एक आहे. पूर्ण प्रोफाइल असेल तेव्हा आकडा कितीतरी पटींनी मोठा होतो आणि ही अडचण जवळपास राहत नाही, एकसारख्या (एकाच बीजापासून झालेल्या) जुळ्यांचा अपवाद सोडला तर.

आणि पूर्ण प्रोफाइलही "कोणाचा" एवढंच सांगते. कधी आणि कसा, ते सांगत नाही. घरकामाच्या मावशींचा डीएनए ओट्यावर असणारच, नवऱ्याचा बेडरूममध्ये असणारच. उलट डीएनए सापडला नाही म्हणून माणूस तिथे नव्हताच, असंही नाही. काही लोकांच्या हातून पेशी भरपूर गळतात, काहींच्या अगदी कमी.

डीएनएवरून चेहरा, डोळ्यांचा रंग सांगणाऱ्या तंत्राच्या बातम्याही जपून वाचाव्यात. डोळ्यांचा आणि केसांचा रंग सांगणाऱ्या चाचण्या मुख्यतः युरोपातल्या लोकांवर घडल्या आहेत. "तपकिरी डोळे, काळे केस" हे उत्तर आपल्या भागात तपासाला फारसं पुढे नेत नाही.

निकालानंतर मुद्देमाल नष्ट होऊ देणं

निकालपत्राच्या शेवटी बहुधा एक ओळ असते: अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल क्रमांक अमुक ते तमुक निरुपयोगी असल्याने नष्ट करावा. त्यात स्वॅब असतात, कापडाचे कापलेले तुकडे असतात. कॅलिफोर्नियातला गोल्डन स्टेट किलर एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला तो १९८० च्या एका खुनातले नमुने जपून ठेवले होते म्हणून. त्यातली प्रोफाइल वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकून दूरचे नातेवाईक शोधले गेले. आणि डीएनएने सोडवलेल्या पहिल्या खुनाच्या तपासात, लेस्टरजवळच, सगळ्यात आधी सुटला तो गुन्ह्याची कबुली दिलेला एक निरपराध तरुण. नमुना नसता तर ती कबुलीच पुरावा ठरली असती.

तेव्हा खटल्याच्या शेवटच्या युक्तिवादासोबतच एक साधा अर्ज द्या, फिर्यादीकडून असो वा आरोपीकडून: उरलेले स्वॅब, डागाचे तुकडे आणि प्रयोगशाळेत शिल्लक असलेला काढलेला डीएनए अपील, पुनर्विचार अर्ज संपेपर्यंत जपून ठेवावा, आणि प्रोफाइल न मिळालेले नमुने वेगळ्या यादीत नोंदवावेत. अज्ञात आरोपी असलेल्या किंवा तपास बंद झालेल्या गुन्ह्यात हाच अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे "अ समरी" (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा पोलिसांचा अहवाल) मंजूर होताना द्यावा. अर्जात वस्तूंचे क्रमांक रिपोर्टमधलेच लिहा, पंचनाम्यातले नव्हे. दोन्ही वेगळे असतील तर दोन्ही लिहा.